बोर्ड उघड्यावर पाहिजे, कागद आपल्या घरात पाहिजे

(निर्मळ इथे झालेल्या मजूर बैठकीत संघटनेतर्फे केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी पाड्यापाड्यात वाचून दाखवावं.)



आज आपण निर्मळला जमलो आहोत. कोणी जव्हार-मोखाड्याहून भट्टीवर आलेत, कोणी इथल्याच केळीच्या वाड्यांत मजुरी करतात. आज एकच गोष्ट बोलायची आहे. कामाच्या जागी बोर्ड कुठे लागतो, आणि आपला कागद कोणाच्या हातात असतो.

इथून जवळच भुईगाव आहे. 1956 साली तिथे एका दगडाचा तुकडा सापडला. त्यावर सम्राट अशोकाचा लेख आहे, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याआधी 1882 साली शेजारच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजींना असाच तुकडा मिळाला होता. भुईगावच्या लेखाचा अर्थ असा, की नुसते सणसोहळे करून फार पदरात पडत नाही. दासांशी, नोकरांशी नीट वागणं हा खरा धर्म. मजुराशी कसं वागावं हे राजाने दगडावर कोरलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

तो दगड फुटला. हाती आले ते तुकडे. मग पुरा मजकूर कळला कसा? तोच मजकूर गुजरातेत गिरनारला आणि डेहराडूनकडे कालसीलाही कोरलेला होता. म्हणजे हक्काची गोष्ट उघड्यावर लिहिलेली पाहिजे, आणि तिची नक्कल दुसऱ्या जागी पाहिजे. एक फुटली तर दुसरी बोलते.

आपल्या आजे-पणज्यांकडे दोन्ही नव्हतं. लग्नासाठी उचल घेतली की नवराबायकोने शेठकडे राबायचं. कर्ज फिटलं की नाही ते शेठची वही सांगणार. 1945 साली वारली उठले तेव्हा ही लग्नगड्याची पद्धत मोडली. 1976 साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. पण वही कोणाकडे असते? आजही मालकाकडेच.

भट्टीचंच घ्या. पावसाळा सरला की बयाणा घेतो, आठवड्याला खर्ची घेतो, आणि हिशोब होतो वळवाच्या तोंडावर. विटा किती पाडल्या, खर्ची किती उचलली, सगळं एकाच वहीत, आणि ती वही आपण कधी उघडून बघत नाही. 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा किमान वेतन कायदा काय म्हणत होता? मजुरीचा दर, कायद्याचा सार आणि सरकारी निरीक्षकाचं नाव-पत्ता असलेला बोर्ड कामाच्या जागी लावायचा. मजुरांना समजेल अशा भाषेत लावायचा, आणि तो वाचता येईल असा ठेवायचा. कपाटामागे अडकवलेला, धुराने काळा झालेला बोर्ड म्हणजे बोर्ड नव्हे.

काही जण म्हणतात, आम्हाला वाचता येत नाही, बोर्डाचा काय उपयोग? उपयोग आहे. शाळेत जाणारी पोर वाचेल, बाजारातून आलेला पाहुणा वाचेल. दर भिंतीवर लिहिला की मालकाला एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून विचारायचं, "शेठ, दराचा बोर्ड कुठे आहे?" एकट्याने विचारू नका. एकट्याला कामावरून काढतात, वीस जोडप्यांना काढत नाहीत.

आणि स्वतःची वही ठेवा. दहा रुपयांची वही. रोजच्या विटा, खर्चीची तारीख, रक्कम. लिहिता येत नसेल तर रेघा मारा. दर शनिवारी मालकाच्या वहीशी ताळा घाला. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

रोजगार हमीचंही तसंच. काम मागितलं की तारखेची पोच घ्या. मस्टर कामावरच पाहिजे आणि मागितलं की बघायला मिळालं पाहिजे. जॉब कार्ड कुटुंबाचं आहे. "माझ्याकडे राहू दे, सांभाळतो" असं कोणीही म्हटलं तरी द्यायचं नाही.

आता जंगलाचं. आपली शेतीही कामाचीच जागा आहे. वनहक्काचे दावे भरणं चालू आहे. दाव्याला कमीत कमी दोन पुरावे लागतात. कित्येकांच्या घरात दंडाच्या जुन्या पावत्या आहेत. खात्याने आपल्याला गुन्हेगार म्हणून दिलेला तो कागद आज आपला साक्षीदार आहे, कारण त्या साली आपण त्या जमिनीवर होतो हे तो सांगतो. रागाने फाडू नका. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी हाय खाऊ नये. बांध, घर, विहीर हाही पुरावा आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही.

दावा दिला की वनहक्क समितीकडून पोच घ्या. ग्रामसभेच्या ठरावावर हरकत असेल तर ठरावापासून 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. सुनावणीच्या कमीत कमी 15 दिवस आधी अर्जदाराला लेखी कळवायचं आणि गावात सोयीच्या जागी नोटीस लावायची, असा नियम आहे. नोटीस लागली नसेल तर तसं लिहून द्या, त्याचीही पोच घ्या.

कागद सांभाळायचा कसा? कुडाच्या घरात वाळवी आहे, उंदीर आहे, चुलीचा धूर आहे, चार महिने गळतं. म्हणून कागद जास्त घड्या न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी जमिनीपासून वर. दोन झेरॉक्स काढा, एक संघटनेच्या फायलीत, एक दुसऱ्या पाड्यावरच्या नातेवाइकाकडे. ऑफिसात नक्कल द्या. अस्सल फक्त दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या. पेटी कुठे आहे ते घरातल्या बाईला ठाऊक पाहिजे. पुरुष कामाला बाहेर असतो तेव्हा साहेब येतो, हे आपण बघितलेलं आहे.

जे आपण मालकाकडे मागतो ते आपल्या गावातही केलं पाहिजे. दावेदारांची यादी आणि गावाच्या हद्दीचा नकाशा समितीच्या एकट्या अध्यक्षाच्या घरात नको, समाजमंदिराच्या भिंतीवर पाहिजे. कोणाचं नाव राहिलं ते सगळ्यांना दिसेल. कोणी नोटीस फाडली तर दुसऱ्या दिवशी दुसरी लागली पाहिजे.

तर पुढच्या ग्रामसभेत ही तीन कामं घ्या. प्रत्येक पाड्यावर कागद तपासायला दोघं जण, त्यात एक बाई. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याजवळ एक वही. आणि भिंतीवर यादी. झालं की संघटनेला कळवा.

जिंदाबाद!