दाराचा क्रमांक आणि कुलूप



बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास सातबाराच्या उताऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा संगणकावरून मिळू लागला. ही सोय मोलाची खरी. परंतु अशा सेवांसाठी दिलेला आधार, मोबाइल वा बँक खात्याचा क्रमांक अनेक यंत्रांतून प्रवास करतो. साध्या संपर्कात तो उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. टीएलएस या सांकेतिक पद्धतीत मात्र तो मोहोरबंद पाकिटातून जातो.

अशा संपर्कासाठी वेब सर्व्हरवर ४४३ हा पोर्ट ठरलेला आहे. पोर्ट म्हणजे जणू यंत्राच्या दाराचा क्रमांक. एखाद्या सहकारी संस्थेकडे किंवा बाजार समितीकडे एकच सर्व्हर असला आणि हे दार दुसऱ्या कामात गुंतले असले, तर ८४४३ सारखा निराळा पोर्ट योजता येतो.

त्यासाठी सर्व्हरच्या मांडणीत दोन सूचना लागतात : नव्या पोर्टवर ऐकणे आणि त्याच पोर्टवर टीएलएस चालू करणे. दुसरी राहून गेली, तर केवळ दार बदलते; पत्र उघडेच राहते. प्रमाणपत्र व खाजगी किल्ली यांची जागा दाखवावी आणि किल्ली इतरांस वाचता येणार नाही असे पाहावे. २०२१ मध्ये कालबाह्य ठरविलेल्या टीएलएस १.० व १.१ या आवृत्त्या बंद ठेवाव्यात. फायरवॉलमध्ये नवा पोर्ट खुला करावा. संकेतस्थळाच्या पत्त्यातही तो लिहावा. अन्यथा ब्राउझर ४४३ कडेच जातो.

प्रमाणपत्र नावाला मिळते, पोर्टला नव्हे. म्हणून पोर्ट बदलला तरी तेच चालते. मात्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या विनामूल्य सेवेची पडताळणी ८० किंवा ४४३ या पोर्टवरून अथवा डीएनएसच्या नोंदीतून होते, ८४४३ वरून नव्हे. हे मार्ग बंद राहिल्यास नूतनीकरण अडते, मुदत संपते आणि पडद्यावर धोक्याची सूचना झळकते.

खरा धोका येथेच आहे. ‘सूचनेकडे लक्ष देऊ नका, पुढे जा’ असे नागरिकांस एकदा शिकविले, की बनावट संकेतस्थळावरही ते तसेच पुढे जातील. दाराचा क्रमांक बदलल्याने घर सुरक्षित होत नाही. त्यासाठी कुलूप चांगले हवे आणि ते वेळोवेळी तपासले पाहिजे. लोणारपासून जळगाव जामोदपर्यंतच्या सामान्य माणसाने विश्वासाने दिलेल्या माहितीची राखण करणे हे प्रत्येक संस्थेचे कर्तव्यच होय.