विनामूल्य प्रवेश आणि नाव-पत्त्याची वही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. संग्रहालयात विनामूल्य कार्यक्रम असतो, दारापाशी टेबल असते, टेबलावर वही असते. नाव, पत्ता, दूरध्वनी लिहा आणि आत जा! या वहीविषयीच आज चार शब्द बोलणार आहे.

लंडनचे ब्रिटिश म्युझियम १५ जानेवारी १७५९ रोजी जनतेसाठी खुले झाले. शुल्क नव्हते. मात्र पाहू इच्छिणाऱ्याने आपले नाव, सामाजिक स्थिती, राहण्याचे ठिकाण आणि येण्याची वेळ द्वारपालाकडे लेखी द्यावी, ती नोंद मुख्य ग्रंथपालापुढे जावी आणि मान्यता मिळाल्यावरच तिकीट हाती पडावे, असा नियम होता. पैसा पडत नव्हता, परंतु आपण कोण हे आधी सांगावे लागे आणि तेवढ्यानेच सामान्य माणूस बाहेर राही. १८१० मध्ये आठवड्यातील तीन दिवस सभ्य वेशातील कोणासही आत सोडण्याचे ठरले.

आज आपला हेतू नेमका उलट आहे. माणसे पुन्हा यावीत, असे आपणांस वाटते. तिकीट नसल्याने आले कोण याची नोंद राहत नाही. मग पुढील व्याख्यानाचे निमंत्रण धाडावे तरी कोणाला? अनुदान देणारेही उपस्थितीचा आकडा मागतात. ही अडचण खरी आहे. मी स्वतः ती वही वर्षानुवर्षे हौसेने सांभाळली.

काही वर्षांपूर्वी १८ मे रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनी, मी अशाच टेबलाशी बसलो होतो. नातीचे बोट धरून एक वृद्ध बाई आल्या. मी वही पुढे सरकवली. त्या म्हणाल्या, "फोन मुलाचा आहे. त्याला विचारल्यावाचून नंबर कसा लिहू?" मी सवयीने उत्तरलो, "आजी, लिहावाच लागतो." त्या भर उन्हात नातीला घेऊन परत फिरल्या. उठून त्यांना हाक मारण्याचे मला सुचले नाही, याची रुखरुख अजून आहे.

त्या बाईंना जे सहज उमगले होते, तेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आले. संमती स्वेच्छेची व बिनशर्त हवी, हेतू आधी सांगितला पाहिजे, हेतूपुरतीच माहिती घ्यावी आणि दिलेली संमती मागे घेणेही तितकेच सोपे असावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. कागदावरची वही संगणकात उतरवली की तीही कायद्याच्या कक्षेत येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. दंडाच्या भीतीने मात्र हे करू नये, असे माझे मत आहे.

आम्ही काय केले ते सांगतो. उपस्थिती मोजण्यास नावे लागत नाहीत. दारावरचा स्वयंसेवक रेघा ओढतो, तेवढे पुरते. टेबल प्रवेशद्वाराकडून बाहेर पडण्याच्या वाटेवर नेले, कारण कार्यक्रम आवडला की नाही हे माणसाला तेव्हाच कळते. उघडी वही बंद केली. तीत आधीच्या पन्नास जणांचे नंबर पुढच्याला दिसत आणि कोणीही मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेऊ शके. आता सुटी चिठ्ठी आणि कुलूपबंद पेटी असते. चिठ्ठीवर मराठीत एवढेच: 'पुढील कार्यक्रमांची वार्ता हवी असल्यास फोन किंवा ई-मेल लिहावा. नको झाल्यास कळवावे, नाव काढले जाईल.' जन्मतारीख, व्यवसाय काही विचारत नाही.

यादी निम्म्यावर आली. कार्यकारिणीत त्यावर बरीच कुरकुर झाली. परंतु ज्यांनी लिहिले त्यांतील पुष्कळजण खरोखर पुन्हा आले. जुन्या वहीतील निम्मे नंबर तर चुकीचेच असत.

एक शेवटचे. व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांचा एकच गट करू नये. त्यात प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. 'ब्रॉडकास्ट' यादी करावी, मात्र तीतून निरोप मिळण्यासाठी समोरच्याने आपला नंबर जतन केलेला असावा लागतो. म्हणून आमचा नंबर आम्ही चिठ्ठीच्या पेटीवरच ठळक लिहून ठेवला आहे.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची खूण केली आहे.