दहा मिनिटांत भरलेली पिशवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कपाट उघडलं की साड्या अंगावर कोसळतात, आणि तरीही बायको म्हणते, ‘नेसायला काही नाही!’ हा विनोद तुम्ही ऐकला असेल. माझ्या बाबतीत तो अगदी खरा होता. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत.

मी सांगलीची. आमचं घर नदीकडच्या भागात, तळमजल्यावर. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आम्हा सांगलीकरांचे कान आयर्विन पुलाच्या आकड्याकडे लागतात. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं तेव्हा हे म्हणाले, “दहा मिनिटं आहेत. काय घ्यायचं ते घे.”

मी कपाटासमोर उभी राहिले. कागदपत्रं, औषधं, सासूबाईंचा चष्मा आधी घेतला. मग कपडे. विचार करायला वेळच नव्हता, हात जाईल ते उचललं. भावाच्या घरी पोचल्यावर पिशवी उघडली तर काय निघालं? दोन मऊ झालेल्या सुती साड्या, एक काळी इरकल, दोन पंजाबी ड्रेस आणि एक स्वेटर. लग्नातला शालू घरीच राहिला होता. हौसेनं घेतलेल्या, एकदाच नेसलेल्या साड्यांपैकी एकही पिशवीत नव्हती. ज्या कपड्यांची हाताला सवय होती, तेच हातानं उचलले होते.

आठवड्याभरानं परतलो. गाळ, वास, फुगलेली दारं यांचं वर्णन करत नाही, पूर पाहिलेल्यांना ते ठाऊक आहे. कपाट पहारीनं उघडावं लागलं. साड्या गच्चीवर नेऊन मोजल्या. ८७ भरल्या. त्यांतल्या गेल्या वर्षभरात किती नेसले, ते बोटांवर मोजायला गेले. एकोणीसच्या पुढं आकडा जाईना.

त्या गच्चीवर एक गोष्ट शिकले. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, म्हणून तर तो दगडावर आपटून धुता येतो. रेशीम आणि रेयॉन ओले झाले की कमजोर पडतात. रोजच्या साध्या साड्या चार पाण्यांतून काढल्यावर बऱ्याचशा वाचल्या. रेशमी साड्या मात्र वर्षानुवर्षं घडी न मोडल्यामुळं आधीच घडीवर विरल्या होत्या, त्या हातात फाटल्या. जर काळी पडली, रंग एकमेकांत उतरले. खळ करून ठेवलेल्यांवर बुरशी चढली. शालू गेला. त्या दिवशी मी रडले, आणि पूर आला ते बरंच झालं, असं मी कधीही म्हणणार नाही.

मग मदत आली. गावोगावच्या माणसांनी ट्रक भरभरून पाठवलं, त्यांचे उपकार विसरणं शक्य नाही. पण कपड्यांची जी गाठोडी आमच्या गल्लीत आली, ती सोडताना आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. टिकल्यांचे घागरे, चेन तुटलेले ड्रेस, लहानपणीचे फ्रॉक, कडक जरीच्या साड्या. परकर एक नाही, टॉवेल एक नाही. आमच्या कपाटात जे पडून होतं, तेच दुसऱ्यांच्या कपाटांतून निघून आमच्याकडे आलं होतं! देणाऱ्यांना दोष कसा देऊ? मीही आजवर हेच दिलं होतं.

त्याच गाठोड्यात एक साडी मिळाली. निळसर राखाडी, बारीक काठाची, धुऊन धुऊन मऊ झालेली. पदराशी एका ठिकाणी बारीक हातानं रफू केलेलं. फॉल नवा लावलेला. आत परकर आणि ब्लाउज घडी घालून ठेवलेले. ब्लाउजच्या शिवणीत चांगली दीड इंच माया होती, म्हणून तो मला उसवून बसवता आला. कुणीतरी आपल्या अंगावरची, नेसण्यातली साडी दिली होती. पुढचे पंधरा दिवस गाळ उपसताना, पंचनाम्याच्या रांगेत, मी तीच नेसले.

घर लागल्यावर पुन्हा ८७ साड्या करायच्या नाहीत, असं ठरवलं. वाचलेल्या साड्या कपाटात डावीकडे रचल्या. नेसून, धुऊन झालेली साडी उजवीकडे ठेवायची, एवढाच नियम केला. सहा महिन्यांनी डावीकडे ज्या राहिल्या, त्यांना माझी गरज नव्हती आणि मला त्यांची.

आणखी एक गंमत कळली. साडी कधी लहान होत नाही, ब्लाउज होतो. निम्म्या साड्या पडून होत्या त्या ब्लाउज बसत नाही म्हणून. आता प्रत्येक साडीला वेगळा ब्लाउज शिवत नाही. काळा, कुंकवी आणि मोतिया, प्रत्येकी दोन. शिंप्याला सांगते, माया भरपूर ठेवा. या सहांत सगळ्या साड्या बसतात. इरकल तर अशी गुणी, की साध्या ब्लाउजवर बाजारात चालते आणि खणाच्या चोळीवर, ठुशी घातली, की लग्नात शोभते.

आज माझ्याकडे १४ साड्या आहेत. आठ रोजच्या सुती, दोन इरकली, तीन रेशमी आणि एक ती, गाठोड्यातली. रेशमींची घडी दर दोन-तीन महिन्यांनी मोडते, आणि सणाची वाट न बघता त्या नेसते. मध्यंतरी एका लग्नात नणंद म्हणाली, “वहिनी, हीच साडी मागच्या लग्नातही होती ना?” म्हटलं, “हो, आणि पुढच्या लग्नातही असेल.” ती हसली. महिन्याभरानं तिचा फोन आला, “वहिनी, कपाट आवरायला याल का?”

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं. या वेळी माझं कपाट अर्ध्या तासात रिकामं झालं. दोन पिशव्यांत सगळं मावलं आणि सगळं वाचलं. कुलूप लावताना मागं काय राहिलं, याचा घोर नव्हता.

तुमच्याकडे पूर येवो न येवो, एकदा कपाटासमोर उभं राहून दहा मिनिटांत पिशवी भरून बघा. काय उचललंत ते पाहा. उरलेल्यातलं चांगलं असेल ते अंगावर बसतंय तोवर वापरा, किंवा कुणाच्या अंगावर बसेल असं असतानाच द्या. देताना बटण लावा, परकर जोडीला द्या. आपण स्वतः उद्या नेसू, अशी साडी द्या.

राखाडी साडीवर मी आता दुसरा फॉल लावलाय. ती कुणाची, कुठल्या गावची, मला माहीत नाही. आज हे भाषण करायला आले, ती तीच नेसून.