अंगणात वायर ओढण्याआधी

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. एक्स्टेन्शन बोर्ड. प्रत्येकाच्या घरात कुठे ना कुठे एक पडलेलाच असतो. कपाटावर, जिन्याखाली, माळ्यावर. पण आज बोलायचंय ते घराबाहेर वापरायच्या एक्स्टेन्शनबद्दल, कारण घरातला बोर्ड बाहेर नेला की हिशोबच बदलतो.

हा विषय निघाला एका ताईंच्या मेलवरून. कोकणातलं घर, पुढे चिऱ्याचं अंगण. गणपतीच्या आधी अंगणातलं शेवाळ काढायला मुंबईहून भाऊ प्रेशर वॉशर घेऊन येणार. मग त्याच वायरवर मांडवातले दिवे लागणार. जवळचा प्लग पडवीत, आणि तिथून लांबचं टोक साधारण ३० मीटर. ताई विचारतायत, "दुकानदार म्हणाला कुठलीही घ्या, सगळ्या सारख्याच. खरं आहे का?"

नाही हो ताई, सारख्या नसतात. आणि तुमच्याकडे आरतीला अख्खी वाडी ओल्या अंगणात अनवाणी उभी राहणार आहे. म्हणून जरा सविस्तर बोलूया.

किती करंट माणसाला पुरतो?

आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब घ्या. तो साधारण ४० मिलीअँपिअर करंट घेतो. एवढाच करंट छातीतून काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकतं. कोरड्या फरशीवर, पायात चप्पल असताना शरीराचा अडथळा बराच असतो, म्हणून कधीकधी नुसता झटका बसून सुटका होते. ओलं अंग, अनवाणी पाय, भिजलेली जमीन, इथे तो अडथळा खूप कमी होतो.

आता लोक म्हणतात, "आमच्याकडे एमसीबी आहे की." एमसीबी हवाच, पण त्याचं काम वायर वाचवणं. जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअर. माणसातून जाणारे ४०-५० मिलीअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. त्याला कळतच नाही की कोणी चिकटलंय.

माणसाला वाचवणारी वस्तू वेगळी, तिचं नाव आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती सतत बघते. काही करंट वाट चुकून जमिनीत जायला लागला की सेकंदाच्या छोट्याशा भागात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरची घ्यायची. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरच्याही मिळतात, त्या आगीपासून बचावासाठी ठीक, माणसासाठी नाही. तिच्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर वायरमनला बोलवा.

म्हणून पहिली गोष्ट वायर नाहीच. पडवीतला तो प्लग ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे आहे का, हे आधी बघा. नसेल तर लायसन्स असलेल्या वायरमनकडून बसवून घ्या. वायर कितीही महागाची आणली तरी ही जागा ती भरून काढत नाही.

तीन पिना, पण तारा किती?

दुसरी गोष्ट अर्थिंगची. बाजारात असे बोर्ड सर्रास दिसतात ज्यांचा टॉप तीन पिनांचा, सॉकेटलाही तीन भोकं, आणि मधली वायर मात्र दोनच तारांची. म्हणजे अर्थची पिन नुसती शोभेला. प्रेशर वॉशरच्या किंवा पाण्याच्या मोटरच्या लोखंडी अंगात करंट उतरला तर त्याला जायला वाटच नाही. मग पहिला हात लावणारा माणूस ती वाट होतो.

त्यामुळे वायर थ्री कोअरच हवी. टॉप उघडता येत असेल तर उघडून बघा. हिरवी, किंवा हिरवी-पिवळी तार मोठ्या पिनेला नीट कसलेली दिसली पाहिजे. ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब असते, कारण टॉप खोचताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. काही जण प्लगमध्ये बसत नाही म्हणून तीच पिन काढून टाकतात. असा टॉप दिसला तर सरळ बदला.

आणखी एक जुगाड सांगतो. बोअरच्या मोटरची उरलेली चपटी केबल एक्स्टेन्शन म्हणून वापरतात, "पाण्यात चालते ना, मग अंगणात का नाही?" केबल दणकट असते, कबूल. पण तिच्यातल्या तारा लाल, पिवळी, निळी. अर्थ कुठली धरली, हे जोडणाऱ्यालाच माहीत. पुढच्या वर्षी दुसरा कोणी टॉप बदलतो आणि उलटसुलट जोडतो. रंग बघून ओळखता येईल अशीच वायर वापरा.

जाडी: इथे थोडं गणित

घाबरू नका, सोपं आहे. ताईंचा प्रेशर वॉशर समजा १५०० वॅटचा. १५०० भागिले २३०, म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. इथेच एक गोष्ट कळते. लहान टॉप ६ अँपिअरचा असतो, म्हणजे तो इथे चालणार नाही. मोठा, १६ अँपिअरचा टॉप आणि तसाच सॉकेट लागेल. मध्ये कन्व्हर्टर लावून लहान प्लगमध्ये खोचायचं नाही. तो तापतो, काळा पडतो, शेवटी वितळतो.

आता वायर. दुकानात पाऊण, एक, दीड, अडीच असं बोलतात, म्हणजे तांब्याच्या तारेचा स्क्वेअर एमएम. ३० मीटरच्या वायरमध्ये करंट जाऊन परत येतो, म्हणजे प्रवास ६० मीटरचा.

पाऊणच्या वायरमध्ये साडेसहा अँपिअरला साधारण १० व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ६५ वॅटच्या आसपास उष्णता वायरमध्येच तयार होते. दीडच्या वायरमध्ये ५ व्होल्ट आणि ३५ वॅटच्या आत. अडीचमध्ये ३ व्होल्टच्या जवळपास.

१० व्होल्टचं काय एवढं, असं वाटेल. पण मोटर चालू होताना काही क्षण चारपाच पट करंट ओढते. म्हणजे त्या क्षणी ४०-५० व्होल्ट गायब. गावात संध्याकाळी आधीच २०० च्या खाली व्होल्टेज असलं तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि आतून जळते.

तर ढोबळ नियम असा. नुसते एलईडी दिवे असतील तर एकची वायर भरपूर. गवत कापायचं मशीन, ड्रिल, १५०० वॅटपर्यंतचा वॉशर असेल आणि अंतर ३० मीटरपर्यंत, तर दीडची. त्याहून मोठा लोड किंवा जास्त अंतर, तर अडीचची. आणि लागते त्याहून फार लांब घेऊ नका. १५ मीटरचं काम असेल तर ५० मीटरचा रोल कशाला?

दुकानदार कधीकधी जुन्या भाषेत तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर असे आकडे सांगतो. नुसती मान डोलावू नका. वायरच्या अंगावर छापलेला स्क्वेअर एमएम स्वतः वाचा. तिथेच आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ असायला हवं, टॉप आणि सॉकेटवर आयएस १२९३. शिक्क्याजवळ लायसन्सचा नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

गुंडाळलेली वायर

रोल किंवा ड्रमवाली वायर घेतली असेल तर वापरताना ती पूर्ण उलगडा. ५ मीटर पुरे असेल तरी पूर्ण. आत्ता आपण बघितलं की वायरमध्ये उष्णता तयार होते. मोकळ्या वायरची ती हवेत निघून जाते. गुंडाळलेल्या वायरच्या आतल्या थरांना बाहेर पडायला जागाच नाही, प्लास्टिक मऊ पडतं आणि तारा एकमेकींना टेकतात. चांगल्या ड्रमवर दोन आकडे लिहिलेले असतात, गुंडाळून इतके वॅट आणि उलगडून इतके. दोघांत बराच फरक असतो.

पाणी

बाहेरच्या वायरवर गोल, जाड आवरण हवं. दोन तारांची पिळाची वायर अंगणात नकोच. पीव्हीसी चालतं, पण उन्हात काही वर्षांत कडक होऊन चिरा पडतात. रबराचं आवरण महाग असतं, पण उन्हापावसात जास्त टिकतं.

सॉकेटवर आयपी आणि पुढे दोन आकडे शोधा. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. घरातला बोर्ड बहुतेक आयपी २०, म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. बाहेर किमान आयपी ४४, म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालेल. मात्र झाकण बंद आणि टॉप नीट बसलेला असेल तरच. आणि शिंतोडे म्हणजे धो धो पाऊस नाही, साचलेलं डबकं तर नाहीच नाही.

बोर्डावर प्लास्टिकची पिशवी बांधायची पद्धत आहे. ती सोडा. आत वाफ धरते आणि पाणी आतच राहतं. त्यापेक्षा बोर्ड जमिनीपासून वर, छपराखाली टांगा. वायर बोर्डाकडे नेताना आधी खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल, बोर्डात शिरणार नाही.

मध्ये जोड नको. काळी टेप गुंडाळलेला जोड घरात एक वेळ चालवून घेतात, ओल्या अंगणात तो उघड्या तारेसारखाच धरायचा. फाटकाखालून, दारात चेपून, गाड्यांच्या वाटेतून वायर नेऊ नका.

मग ताईंनी काय घ्यावं?

ताई, दोन कामं वेगळी करा. वॉशरसाठी दीडची, थ्री कोअर, १६ अँपिअरच्या टॉपची वायर. काम दिवसा, पायात रबरी बूट, काम झालं की वायर गुंडाळून घरात. तीच वायर आरतीच्या वेळी माणसांच्या पायात नको.

मांडवासाठी १२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडी माळा घ्या. त्यांचा अ‍ॅडॅप्टर पडवीत कोरड्या जागी राहील आणि अंगणात फक्त १२-२४ व्होल्ट जातील. पोरांनी माळेला हात लावला तरी जिवाला धोका राहत नाही.

आणि दर पावसाळ्यात हीच वायर ओढावी लागत असेल, तर एकदाच वायरमनला बोलवून अंगणाच्या बाजूला झाकणाचा कायमचा पॉइंट काढून घ्या. एक्स्टेन्शन तासादोनतासांसाठी असतं, महिनोन्‌महिने ठेवायला नाही.

शेवटचं, देव करो आणि वेळ न येवो. कोणी चिकटलेलं दिसलं तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला बाजूला करा. मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहा. आणि मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माहीत हवं. आज जेवणाआधी एकदा सगळ्यांना नेऊन दाखवाच.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.