आल्फ्रिस्टन येथील पाद्र्याचे घर



प्राचीन वास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की किल्ले, राजवाडे आणि मोठमोठी चर्चे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. इंग्लंडमधील नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जी पहिली इमारत विकत घेतली, ती मात्र एका खेड्यातील गवताने शाकारलेले साधे घर होती.

ससेक्स परगण्यात ककमिअर नदीच्या काठी आल्फ्रिस्टन हे गाव आहे. तेथील सेंट अँड्र्यूच्या चर्चजवळ हे चौदाव्या शतकातील घर उभे आहे. अशा घरांना ‘वील्डन’ घरे म्हणतात. त्यांचा सांगाडा ओकच्या लाकडाचा असून खांबांमधील जागा कुडाने भरून त्यावर मातीचा लेप दिलेला असतो. मध्यभागी थेट छपरापर्यंत मोकळे असे मोठे दालन आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, अशी ही रचना. वरचे मजले पुढे काढलेले असल्यामुळे मधले दालन किंचित आत गेल्यासारखे दिसते. प्रारंभी दालनाच्या मध्यावर उघडी चूल पेटे व धूर छपरातून बाहेर पडे. धुराडे पुढे आले. जमीन खडूचे तुकडे चोपून केलेली आणि आंबट दुधाने घट्ट बसविलेली होती.

कालांतराने पाद्र्यांनी हे घर सोडले आणि ते मोडकळीस आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावचे पाद्री बेनन यांनी ते वाचविण्याची खटपट सुरू केली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेकडे त्यांनी धाव घेतली. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी नॅशनल ट्रस्टची स्थापना केली व पुढच्याच वर्षी अवघ्या १० पौंडांना हे घर ट्रस्टकडे आले. खरा खर्च होता तो दुरुस्तीचा; त्यासाठी वर्गणी जमवावी लागली.

दुरुस्ती करावी तरी कशी? मॉरिस यांच्या मते जुन्या वास्तूला नवे रूप देणे म्हणजे तिचा इतिहास पुसून टाकणे होय. जे ढासळत आहे त्याला आधार द्यावा, गेलेल्याची नक्कल करू नये. वास्तुशिल्पी आल्फ्रेड पॉवेल यांनी येथील दुरुस्तीचे काम पाहिले.

राजवाड्यांना रक्षणकर्ते मिळतात. सामान्य माणसाचे घर मात्र कोणाच्या नजरेत न भरताच नाहीसे होते, आणि त्याबरोबर त्याच्या जगण्याची रीतही लोपते. या लहानशा घराचे मोल ओळखणाऱ्यांनी राष्ट्राच्या वारशाची कल्पनाच विस्तृत केली, असे मला वाटते.