मोजे काढा!

कॅन्सरवर बोला म्हटल्यावर आम्ही दोघंही जरा बिचकलोच.

आईंच्या तळव्यावर काळा डाग होता. चपलेचा असेल म्हणून आम्ही वर्षभर दुर्लक्ष केलं. शिवाय स्किन कॅन्सर म्हणजे इकडच्या गोऱ्या लोकांचा आजार, हा आमचा ठाम गैरसमज! डाग पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. तुकडा काढून तपासला. 'मेलानोमा इन सिटू' निघाला. म्हणजे कॅन्सरच, पण कातडीच्या सर्वांत वरच्या थरातच असलेला. खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेला, की तो शरीरभर पसरू शकतो. आईंचा डाग भोवतीच्या सेंटिमीटरभर चांगल्या कातडीसकट काढला. केमो लागली नाही.

सावळ्या माणसांत मेलानोमा बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी होतो : तळवे, तळहात, नखांखाली. गायक बॉब मार्लेला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच तो सापडला. १९८१ साली तो गेला, अवघ्या छत्तीस वर्षांचा.

आजच्या देणग्यांतून मंडळ कातडीच्या तपासणीचं शिबिर घेणार आहे, म्हणून हे सगळं सांगितलं. आई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हल्ली भेटेल त्याला त्या मोजे काढायला लावतात, तेव्हा जरा जपून!