घरभेटीचें काम

(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली कमिटीनें मला आपल्या पॅरिशमधील दानधर्माविषयीं चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. विषय मोठा आहे, आणि त्यावर बोलणाऱ्याला आपल्याच कामाची वाखाणणी करण्याचा मोह फार होतो. तो टाळावा म्हणून मीं विषय थोडा आंखूड करून घेतला आहे. निराधार, अपंग किंवा भिक्षा मागणाऱ्या माणसांविषयीं मी आज बोलणार नाहीं. त्यांच्याकडे पाहून कोणाचेंहि मन द्रवतें. ज्या घरांत रोजगार आहे, दर महिन्याला मजुरी येते, आणि तरीहि महिना पुरा पडत नाहीं, अशा घरांविषयीं मला बोलावयाचें आहे.

अशीं घरें सहसा ओळखूं येत नाहींत. रविवारीं मिस्सेला तीं माणसें आपल्याच बांकावर बसलेलीं असतात. कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले. घरधनी ठेकेदाराकडे रंगाऱ्याचें काम करतो, रिक्षा चालवितो, नाहीं तर रात्रपाळीचा वॉचमन असतो. घरधनीण दोन घरचीं धुणींभांडीं करते, अथवा एखाद्या दवाखान्यांत आया असते. हिशोब आठ-नऊ महिने कसाबसा जुळतो. मग जून येतो. शाळेची फी, वह्या, दप्तर, छत्री हें सारें एकाच पंधरवड्यांत. आणि त्याच पंधरवड्यांत पाऊस लागल्यामुळें रंगाऱ्याचें व गवंड्याचें काम थांबतें, वीटभट्ट्या बंद होतात, आणि आपल्या कोळी बांधवांच्या यांत्रिक होड्या मासेमारीच्या सरकारी बंदीमुळें जून व जुलै हे दोन महिने किनाऱ्याला बांधून राहतात. खर्च वाढण्याचा आणि मिळकत आटण्याचा महिना एकच. त्यांत एखादें आजारपण आलें, म्हणजे ज्या घराला काल कोणी गरीब म्हटलें नसतें, तें घर आज सावकाराच्या पायरीवर उभें राहतें.

अशा घराला मदत कशी करावी? याचें उत्तर मला एका जुन्या गोष्टींत सांपडतें. १६१७ सालीं संत व्हिन्सेंट डी पॉल हे फ्रान्समधील शातियों या लहानशा गांवीं पॅरिशचे पाद्री होते. ऑगस्टमधील एका रविवारीं, मिस्सेपूर्वीं, त्यांच्या कानावर आलें कीं गांवाबाहेर एका घरांतील सर्व माणसें आजारी पडलीं आहेत व त्यांची शुश्रूषा करणारें कोणी नाहीं. त्यांनीं प्रवचनांत तें सांगितलें. दुपारीं ते स्वतः तिकडे निघाले, तों सारा रस्ता जाणाऱ्या-येणाऱ्या बायांनीं भरलेला! कोणी भाकरी नेत होत्या, कोणी दुसरें कांहीं; उन्हामुळें कोणी वाटेंत झाडाखालीं टेकल्या होत्या. संतांना आनंद झाला, पण त्याचबरोबर एक विचारहि मनांत आला. आज इतकें अन्न एकाच वेळीं आलें कीं त्यांतलें बरेंच नासणार, आणि चार दिवसांनीं हें घर पुन्हां उपाशी. तेव्हां त्यांनीं त्याच बायांची एक मंडळी स्थापून पाळी लावून दिली. ज्या दिवशीं जिची पाळी, तिनें स्वयंपाक करावा, आजाऱ्याच्या घरीं न्यावा आणि त्याच्याजवळ बसून त्याला खाऊं घालावें.

गांवांत दानत भरपूर होती. तुटवडा होता तो फक्त पंचांगाचा. आपल्याकडेहि असेंच घडतें. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी लागली, तेव्हां आपल्या वाड्यांतून कांहीं घरीं तांदळाच्या तीन-तीन पिशव्या पोहोंचल्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत, थकलेलें भाडें मागावयास घरमालक दारांत येऊं लागले, तेव्हां मात्र देणारे हात थकून गेले होते. नाताळांतहि तेंच. डिसेंबरांत केकचीं खोकीं एकावर एक येतात, जूनमध्यें कोणी फिरकत नाहीं. (ज्युबिलीच्या रोषणाईविषयीं मी कांहीं बोलणार नाहीं, कमिटीचे गृहस्थ पुढेंच बसले आहेत.)

आतां ज्या संस्थेचा मी एक साधा सभासद आहें, त्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा जन्म कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. फ्रेडरिक ओझानम यांचा जन्म १८१३ सालीं मिलान येथें झाला. ते वाढले फ्रान्समधील ल्यों शहरांत. त्या शहरांत रेशीम विणणारे कारागीर फार. त्यांना मजुरी नगावर मिळे. नगाचे दर पडत गेले, तसा दिवसभर माग चालवूनहि संसार चालेना. दर ठरवून मिळावेत या मागणीवरून १८३१ च्या नोव्हेंबरांत तेथें मोठा उठाव झाला. म्हणजे काम असूनहि न भागणारें घर ओझानम यांच्या स्वतःच्याच शहरांतलें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस ते कायद्याच्या शिक्षणासाठीं पॅरिसला आले. पुढल्या वर्षीं तेथें पटकीची सांथ येऊन १८,००० वर माणसें दगावलीं.

विद्यार्थ्यांच्या एका वादसभेंत ओझानम व त्यांचे मित्र ख्रिस्तसभेची बाजू मांडीत असत. एकदां एका प्रतिपक्ष्यानें त्यांना विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें हें कबूल. पण आज, या शहरांत, तुम्हीं स्वतः काय करीत आहां? हा प्रश्न त्यांना झोंबला. २३ एप्रिल १८३३ रोजीं, ओझानम यांच्या विसाव्या वाढदिवशीं, ही थोडी तरुण मंडळी एका कॅथोलिक वृत्तपत्राच्या कचेरींत एका वडीलधाऱ्या संपादकाच्या अध्यक्षतेखालीं जमली, आणि सोसायटीची पहिली सभा झाली. वादसभेला ते कॉन्फरन्स म्हणत. तेंच नांव या कामाला लागलें, आणि आजहि प्रत्येक पॅरिशमधील शाखेला आपण कॉन्फरन्सच म्हणतों. पहिली मदत म्हणून ओझानम व त्यांचा एक मित्र यांनीं थंडीसाठीं जपून ठेवलेलीं उरलीसुरलीं लाकडें एका गरिबाच्या घरीं नेऊन दिलीं, असें सांगतात.

पण लाकडें देणें सोपें होतें. कोणाच्या घरीं जावें, तेथें काय बोलावें, हें या विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतें. तें त्यांना शिकविलें सिस्टर रोझाली रांदु यांनीं. दयेच्या भगिनी या संघाच्या त्या सिस्टर पॅरिसच्या मूफ्तार भागांत सुमारें तीस वर्षें काम करीत होत्या. प्रत्येक जिना त्यांच्या पायांखालचा. त्यांनीं मुलांना कुटुंबांची यादी दिली आणि भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी हें निमित्त; ती घेऊन घरांत जावयाचें, बसावयाचें, आणि त्या माणसाला बोलूं द्यावयाचें. उपदेशाची घाई करावयाची नाहीं. मदतीपेक्षां ही शिकवण मला मोठी वाटते. सोसायटीची घरभेट आजहि तशीच चालते. सभासदांनीं दोघां-दोघांनीं जावें, दर आठवड्याला भेटावें, आणि त्या घरांत पाहिलेलें व ऐकलेलें बाहेर बोलूं नये. सभेच्या शेंवटीं एक पिशवी फिरते. तींत कोणी किती टाकलें हें शेजारच्यालाहि कळत नाहीं. हें काम १८६३ पासून भारतांत चालूं आहे. ओझानम १८५३ सालीं अवघ्या चाळीसाव्या वर्षीं वारले. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९७ सालीं पॅरिस येथें त्यांना धन्य घोषित केलें, आणि २००३ सालीं सिस्टर रोझाली यांनाहि तो मान मिळाला.

गुप्ततेच्या नियमाची किंमत मला एका चुकीमुळें कळली, ती येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ती चूक माझ्या हातून झाली.

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळांत एका समितीनें धान्याच्या पिशव्या वाटण्याचें ठरविलें. त्या समितींत मीहि होतों. आम्हीं देवळाच्या आवारांत टेबल मांडलें, ध्वनिक्षेपकावरून एकेक नांव पुकारलें आणि प्रत्येकाचें छायाचित्र काढलें, कारण देणगीदारांना दाखवावयास कांहीं तरी हवें होतें. एका रंगाऱ्याची बायको आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन आली. छायाचित्रें घेण्यासाठीं उभा केलेला मुलगा त्या मुलीच्या वर्गांतला होता. मीं तें पाहिलें, पण माझ्या तें ध्यानांत आलें नाहीं. मुलगी मात्र खालीं पाहून उभी होती.

त्यानंतर तें कुटुंब आमच्या मिस्सेला दिसेनासें झालें. शेजारच्या पॅरिशमध्यें जातात असें कळलें, आणि आम्हीं तेवढ्यावर समाधान मानलें. वर्षभरानें दुसऱ्याच कोणाकडून खरी हकीकत समजली. पिशवी दिली त्याच्या आधींच घरधनी शिडीवरून पडून दोन महिने अंथरुणावर होता. त्यानें दरमहा शेंकडा दहा व्याजानें २०,००० रुपये उचलले होते. म्हणजे महिन्याला २,००० रुपये नुसतें व्याज; वर्षांत २४,००० भरले, मुद्दल आहे तेथेंच. व्याज भरतां यावें म्हणून मुलीला दहावीनंतर कापडाच्या दुकानांत कामाला ठेवलें होतें. आमच्या पिशवींत पांच किलो तांदूळ, एक किलो साखर आणि तेलाची बाटली होती. तिला देतांना, घरीं सर्व ठीक आहे ना, एवढेंहि आम्हीं विचारलें नव्हतें. विचारलें असतें तरी ध्वनिक्षेपकासमोर तिनें काय सांगावें?

मी आणि कॉन्फरन्सचे एक वृद्ध सभासद असे दोघे त्यांच्या घरीं गेलों. पहिल्या वेळीं बाईनें आम्हांला दारांतूनच वाटेला लावलें. दुसऱ्या वेळीं चहा दिला. मीं क्षमा मागितली, त्यावर ती कांहीं बोलली नाहीं. चौथ्या भेटींत तिनें पत्र्याच्या डब्यांतून सावकाराच्या चिठ्ठ्या काढून आमच्यापुढें ठेवल्या. लग्नांतल्या दोन बांगड्या तिनें अजून मोडल्या नव्हत्या. आमचे वृद्ध सभासद पूर्वीं बँकेंत कारकून होते. त्यांनीं तिला बांगड्या बँकेंत तारण ठेवून कर्ज कसें मिळतें तें समजावून सांगितलें आणि बरोबर जाऊन कागद करून दिले. व्याज दरमहा शेंकडा एकाच्या घरांत आलें, सावकाराचें मुद्दल फिटलें. यांत सोसायटीच्या तिजोरींतून गेले ते फक्त रिक्षाचे पैसे. रंगाऱ्याची नोंद बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळांत कधींच झाली नव्हती. त्यासाठीं वर्षांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो देण्याची टाळाटाळ करतात. त्यासाठीं आम्हीं तीन ठेकेदारांच्या दारांत बसलों. अखेर एकानें सही केली.

मुलगी मात्र अद्याप शाळेंत परतलेली नाहीं. दुकानांत आतां तिला बरा पगार मिळतो, आणि तिचें तिनें ठरविलें आहे. ही गोष्ट गोड शेंवटाची करून सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

सावकारीविरुद्ध आपल्या लोकांनीं फार पूर्वींच उपाय शोधला होता, हेंहि नव्या पिढीनें जाणून घ्यावें. जर्मन जेझुइट फादर जॉन हॉफमन यांनीं १९०९ सालीं छोटानागपुरांतील आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठीं सहकारी पतसंस्था उभारली. वसईच्या कॅथोलिकांनीं १९१८ सालीं आपली पतसंस्था काढली; तीच पुढें बॅसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. पण बँक रस्त्यावर असून भागत नाहीं. ज्याला फॉर्म वाचतां येत नाहीं, ज्याला काचेच्या दारांतून आंत जावयाचा संकोच वाटतो, त्याच्याबरोबर कोणी तरी चालावें लागतें. राज्य विमा योजनेचेंहि असेंच आहे. घरधन्याच्या पगारांतून दरमहा वर्गणी कापली जाते, आणि घरचें माणूस आजारी पडलें म्हणजे तीं खासगी दवाखान्यांत उसनवार पैसे भरतात, कारण कार्डाचा उपयोग त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. अशीं घरें मीं स्वतः पाहिलीं आहेत.

येथें कोणी म्हणेल, ठेकेदारानें पुरती मजुरी दिली तर तुमची पिशवीहि नको आणि भेटहि नको. अगदीं खरें आहे. ओझानम हेच म्हणत. ल्यों येथें व्यापारी कायदा शिकवितांना त्यांनीं मजुरीचा प्रश्न हाताळला आणि कामगाराला निव्वळ हत्याराप्रमाणें वापरणाऱ्या मालकाला दोष दिला. पुढें १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं आपल्या परिपत्रांत मजुरी ही साधेपणानें राहणाऱ्या कामगाराच्या निर्वाहाला पुरेशी असली पाहिजे असें स्पष्ट लिहिलें. तेव्हां या सभेंत जे बंधु स्वतः ठेकेदार आहेत, दुकानदार आहेत, ज्यांच्या घरीं मोलकरीण आहे, त्यांना माझी विनंति आहे कीं सोसायटीच्या पेटींत कांहीं टाकण्यापूर्वीं आपल्या माणसाचा पगार एकदां पाहावा. पावसाळ्यांत काम नसतांना तो काय खातो, हेंहि विचारावें. हें बोलल्यामुळें यंदा पेटींत थोडे कमी पडले तरी चालतील.

आमच्या कॉन्फरन्सची सभा रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर देवळामागील खोलींत भरते. पैसे असतात, थोडे असतात, पण असतात. माणसें कमी आहेत. ज्यांच्याबरोबर मी त्या घरीं गेलों, त्या वृद्ध सभासदांचे गुडघे आतां चार मजले चढूं देत नाहींत. फॉर्म भरतां येणारीं, सरकारी कचेरींत न रागावतां दोन तास बसूं शकणारीं तरुण मुलें-मुली आम्हांला हवीं आहेत. येत्या रविवारीं दोन भेटी ठरल्या आहेत. पहिलीला जोडी आहे. दुसरी चौथ्या मजल्यावर आहे, आणि तिला माझ्याबरोबर येणारें अजून कोणी नाहीं.